ऊन अडवायचे ते काचेबाहेर

माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. पण ज्या काचेच्या इमारतींत आपण परदेशस्थ मंडळी दिवसचे दिवस काढतो, त्यांचा इतिहास वाचायला मला फार आवडते. त्यात पॅरिसच्या ‘सिते द रफ्यूज’ची हकिकत मनाला लागली.

सॅल्व्हेशन आर्मीने निराधारांसाठी बांधून घेतलेला हा आश्रम १९३३ साली उघडला. वास्तुकार होते ल कॉर्बुझिए. दक्षिणेला सुमारे १००० चौरस मीटर काच आणि उघडणारी खिडकी एकही नाही! दुहेरी काच आणि यंत्राने थंड केलेली हवा या मूळ योजनेतल्या गोष्टी पैशाअभावी गळाल्या. हिवाळा निभावला, उन्हाळ्यात आतली माणसे, लहान मुलेसुद्धा, उकडून निघाली. वास्तुकारांचा हट्ट सुटेना, तरी १९३५ मध्ये उघडत्या खिडक्या बसवाव्या लागल्याच.

ऊन काचेतून सहज आत येते. पण त्याने तापलेल्या वस्तूंची उष्णता काच तशी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतल्या पडद्याने डोळे दिपत नाहीत इतकेच, खोली तापायची ती तापतेच.

पुढे रिओच्या शिक्षण मंत्रालयासाठी लुसिओ कोस्टा, ऑस्कर नीमायर प्रभृतींनी उत्तरेच्या काचेबाहेर फिरत्या आडव्या पट्ट्या लावल्या. (दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते!) तिथेही सल्लागार ल कॉर्बुझिएच. पॅरिसच्या निराधारांना मात्र काचेबाहेरचा असा आडोसा मिळाला तो महायुद्धानंतर. १९४४ च्या बॉम्बस्फोटात ती काच फुटल्यावर.