रेल्वे मागणारा डॉक्टर

मार्च १८७० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या विधान परिषदेत डॉ. जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन कॅनडात सामील होण्याच्या विरोधात बोलले, आणि मे महिन्यात सामिलीकरणाच्या अटी ठरवायला तेच ओटावाला निघाले. वरवर पाहता ही कोलांटउडी वाटते. मला ती तशी वाटत नाही. १८२४ साली लंडनमध्ये जन्मलेला, गायज हॉस्पिटलमध्ये शिकलेला हा माणूस १८५० मध्ये हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर म्हणून व्हँकूव्हर बेटावर उतरला. कंपनीने त्याला बेटाच्या उत्तर टोकाला, फोर्ट रुपर्टच्या कोळसा खाणीवर पाठवलं. खाणकामगार रुसलेले होते, काही जण पळून जात होते, आणि गव्हर्नरने पंचविशीतल्या या डॉक्टरलाच दंडाधिकारी नेमलं. शिपाई व्हायला मात्र एकही जण पुढे आला नाही. बजावता न येणारा हुकूम हा नुसता कागद असतो, हे त्यांना इथे कळलं. त्यांच्या पुढच्या राजकारणाचं मूळ मला याच अनुभवात दिसतं.

त्यांची राजकीय चढण सासऱ्यांच्या पुण्याईने झाली, हा आक्षेप खोटा नाही. गव्हर्नर जेम्स डग्लस यांची मुलगी सेसिलिया हिच्याशी त्यांचं लग्न १८५२ च्या डिसेंबरात झालं. १२ ऑगस्ट १८५६ रोजी व्हिक्टोरियाच्या किल्ल्यातच बेटाची पहिली विधानसभा भरली. सभासद अवघे सात, मताचा हक्क वीस एकर जमीन असणाऱ्यालाच, आणि सभापती गव्हर्नरांचे जावई. पण डग्लस १८६४ मध्ये पायउतार झाले, तरी १८६६ मध्ये बेटाची वसाहत मुख्य भूमीवरच्या वसाहतीत विलीन होईपर्यंत सभापतिपद हेल्मकेन यांच्याकडेच राहिलं. नंतरही लोक त्यांना निवडून देत राहिले. नात्याने दार उघडलं असेल. इतकी वर्षं आत टिकण्याचं कारण नात्यात सापडत नाही.

१८७० च्या भाषणात त्यांचा रोख भावनेवर नव्हता. कॅनडाचं जकातीचं धोरण इथल्या शेतकऱ्याला बुडवेल, आणि मध्ये हजारो मैलांचं रान असताना ही जोडणी कागदावरच राहील, असं ते सांगत होते. दुखणं अंतराचं होतं, म्हणून उपायही अंतरावरचाच हवा होता. ते स्वतः, वसाहतीचे जमीन-आयुक्त जोसेफ ट्रच आणि कॅरिबूच्या सोन्याच्या मुलखातले डॉ. रॉबर्ट कॅरॉल असे तिघे निघाले, तेव्हा त्यांना जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन अमेरिकेच्या नव्या रेल्वेने ओटावा गाठावं लागलं. आपल्याच साम्राज्यातल्या राजधानीला जायला परक्या देशाचा रूळ! कॅनडाचे पंतप्रधान मॅकडोनाल्ड आजारी होते, म्हणून बोलणी त्यांचे सहकारी मंत्री कार्तिये यांच्याशी झाली. ठरलं ते असं: प्रांताला कॅनडाशी जोडणाऱ्या रेल्वेचं काम दोन वर्षांत सुरू, दहा वर्षांत पूर्ण. वसाहतीचं कर्ज कॅनडाच्या डोक्यावर. अनुदानासाठी लोकसंख्या साठ हजार धरायची, प्रत्यक्षात १८७१ च्या गणनेत ती छत्तीस हजारांच्या आसपास निघाली. मार्चमधला विरोधक इथे बदलला नव्हता. त्याने ज्या उणिवेवर बोट ठेवलं होतं, तीच अटींमध्ये भरून घेतली होती.

याहून जड आक्षेप दुसरा आहे आणि त्याला मला पुरतं उत्तर देता येत नाही. १८६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून देवीची साथ व्हिक्टोरियात आली, तेव्हा हेल्मकेन यांनी तिथल्या सोंगीज आदिवासींना, सुमारे पाचशे जणांना, लस टोचली. त्याच वेळी उत्तरेकडच्या आदिवासींचे तळ शहराबाहेर हुसकले गेले. ती माणसं रोग घेऊन किनाऱ्याने घरी परतली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. आठ वर्षांनी ओटावाच्या मेजावर त्या लोकांचा कोणीही नव्हता. त्यांच्या जमिनींबाबत आजवरचंच ‘उदार’ धोरण पुढे चालेल, असं तेरावं कलम मंजूर झालं. प्रत्यक्षात ट्रच यांनी त्यांच्या राखीव जमिनी छाटल्या होत्या. हेल्मकेन यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. आदिवासी त्यांना परकेही नव्हते: त्यांच्या सासूबाई अमेलिया यांची आई क्री जमातीची होती. डॉक्टरच्या नजरेला अंतर दिसलं, पण हा अन्याय दिसला नाही, की दिसूनही त्यांनी तो बाजूला ठेवला?

२० जुलै १८७१ रोजी प्रांत कॅनडात सामील झाला आणि हेल्मकेन राजकारण सोडून रोग्यांकडे परतले. १८८५ मध्ये ते प्रांताच्या वैद्यकीय संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला डोंगरात क्रेगेलाची इथे त्यांच्या रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला, कबूल केलेल्या मुदतीनंतर चार वर्षांनी.