तंबोऱ्याचा सूर आणि आंकड्यांचा लेख

वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. त्या वाशीमांत आज एखादी मुलगी रियाजास बसली, तर तिच्याजवळ मिरजेचा तंबोरा असेलच असें नाहीं. घरच्या संगणकानें घडविलेली तंबोऱ्याची फाईल मात्र तिला सहज मिळूं शकते. आणि अशा फाईलींत कोणत्याहि तंबोऱ्याची तार छेडली गेलेली नसते.

ह्यास ध्वनिमुद्रण म्हणावें काय? १९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यानें गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरविलें, तेव्हां तिच्या आवाजानें सुई हालली आणि मेणांत रेघ उमटली. आधीं नाद, मागाहून लेख. संगणकांत हा क्रम उलटतो.

सुरास मापांत धरण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाचा आश्रित शार्ङ्गदेव यानें ‘संगीतरत्नाकरां’त बावीस तारांच्या दोन वीणा जुळवून श्रुति ठरविण्याची रीत सांगितली. १९१० सालीं कृष्णाजी बल्लाळ देवल या सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टरांनीं त्याच श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, व पुढें श्रुतींची पेटीहि निघाली. परंतु पेटीचे सूर एकदां लागले कीं लागले.

लेख आधीं व नाद मागाहून, हें १९५७ सालीं बेल प्रयोगशाळेंतील मॅक्स मॅथ्यूज यानें साधलें. आयबीएम ७०४ या यंत्रानें चुंबकीय फितीवर आंकडे लिहावयाचे, आणि मग दुसऱ्या यंत्रानें त्यांचा नाद करावयाचा. न्यूमन गटमनची ती पहिली रचना अवघी १७ सेकंदांची! कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापानें सेकंदास ४४,१०० आंकडे लागतात. म्हणजे दहा मिनिटांस, एकाच कानापुरते, २ कोटि ६४ लक्ष ६० हजार. संगणक मंद असला तरी बिघडत नाहीं. तो सावकाश हिशेब करून फाईल पुरी करतो.

तारेचें गणित १९८३ सालीं कार्प्लस व स्ट्राँग यांनीं फारच सोपें केलें. थोडा गोंगाट घ्यावा, तो आंकड्यांच्या रांगेंत फिरवीत ठेवावा, आणि दर फेरीस शेजारच्या दोन आंकड्यांची सरासरी काढावी. गोंगाटाचा टणत्कार होतो. रांग जितकी लांब तितका सूर खालीं.

पण ही झाली साधी तार. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर सूत सरकवून जवारी लावली, म्हणजे जे उपस्वर नियमाप्रमाणें निघूंच नयेत तेहि निघतात, असें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालींच दाखविलें होतें. तें गणित निराळें मांडावें लागतें. न मांडल्यास तंबोरा साध्या तारेसारखा वाजतो.

माझ्या मतें ह्या फाईलीचा खरा दोष तिच्या निर्दोषपणांत आहे. ती उतरत नाहीं. म्हणून मुलीस मणी सरकवावा लागत नाहीं, आणि सूर किंचित् ढळला हें कानानें ओळखण्याचें कामहि तिच्याकडे राहत नाहीं. तरी मालकंस गावयाचा झाल्यास पंचमाची तार मध्यमावर आणावीच लागते. तंबोऱ्यास तेथें खुंटी पिळतात. येथें रांगेची लांबी बदलून सारी फाईल पुन्हां लिहवून घ्यावयाची.