शोबोदान

आग लागली की आपण १०१ फिरवतो आणि वाट बघत बसतो. जपानच्या खेड्यांत मात्र शेतकरी, दुकानदार, सुतार हातातलं काम टाकून स्वतःच पंप घेऊन धावतात. गावकऱ्यांच्या या अग्निशमन पथकाला म्हणतात शोबोदान. मानधन नाममात्र, पोटाचा धंदा वेगळाच.

१८९४ साली सरकारने नियम करून ही पथकं पोलिसांच्या हाताखाली घातली. महायुद्धानंतर, १९४७-४८ मध्ये, ती तिथून सुटून गावाकडे आली.

मग ११ मार्च २०११. त्सुनामी येतेय हे ठाऊक असून ही माणसं समुद्राकडे गेली... बंधाऱ्याचे दरवाजे लावायला, म्हाताऱ्यांना उचलून आणायला. ओत्सुचीत वीज गेली, सायरन वाजेना. तेव्हा एकाने पथकाची जुनी घंटा काढली आणि वाजवत राहिला. तो परतला नाही. एकूण २५४ जण गेले किंवा बेपत्ता झाले.

त्यानंतर ठिकठिकाणी ठरलं, ठराविक वेळ झाली की काम अर्धवट टाकून निघायचं. शौर्याला घड्याळ लावणं विचित्र वाटतं खरं, पण हा नियम आधीच हवा होता, असं माझं मत.

१९५०च्या दशकात या पथकांत सुमारे २० लाख माणसं होती. २०२२ मध्ये ती ८ लाखांच्या खाली आली. तरुण शहरात गेले, आणि उरलेल्यांचं सरासरी वय चाळिशीपार.