फरासखान्याची कूळकथा

सुटे भाग जुळवून अंगणात मंडप उभा करावयाचा आणि काम सरताच तो मोडून पेटीत भरावयाचा, ही कल्पना परदेशी कारखानदारांच्या डोक्यातून निघाली असा समज अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. 'गझीबो' या नावाने असे सामान आता रायपुरातही घरपोच येते, आणि नाव परके म्हणून वस्तूही परकी असे आपण धरून चालतो. आमच्या मते ही समजूत टिकणारी नाही. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणां मंडळींनी तरी ती बाळगू नये. कारण मोडता येणारे घर ही या देशातील राज्यकारभाराची फार जुनी गरज होय.

अबुल फजलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त फरासखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात 'चोबीन रावटी' म्हणून एका मंडपाचे वर्णन येते. दहा खांब जमिनीत थोडेसे रोवावयाचे. त्यांपैकी दोन किंचित उंच, कारण आढे त्यांवर टेकावयाचे असते. खांबांना खाली-वर आडवे लाकूड, त्यांवरून वासे, आणि हा सारा सांगाडा लोखंडी पट्ट्यांनी व नरमादीच्या जोडांनी आवळलेला. भिंती आणि छप्पर चटयांचे. आतून मखमल व किनखाब, बाहेरून लाल कापड रेशमी फितींनी बांधलेले. आपल्या 'राहुटी'चे आणि या 'रावटी'चे नाते वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आमच्या वसाहतीतील एका गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात मागील अंगणात असाच एक मंडप आणवून उभारला, तेव्हा आम्हीही हात लावावयास गेलो होतो. चार खांब, चार तुळया, छपराचे वासे, नटबोल्टांची पिशवी आणि शब्दांवाचून निव्वळ चित्रे असलेला एक कागद. सारे बोल्ट प्रथम ढिले ठेवावयाचे, दोन्ही कर्ण दोरीने मापून सारखे करावयाचे आणि मगच पाना फिरवावयाचा. एक कोपरा आधी आवळला की चौथा खांब जागेवर येत नाही. मखमल वगळली तर अकबराच्या फरासास या कामात नवे असे काही वाटले नसते. त्याच्यापाशी चित्रांचा कागद मात्र नव्हता. ती विद्या हाताने हातास दिलेली होती.

त्या हातांची संख्याही अबुल फजल देतो. बादशाही तळाच्या एका संचास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत. उभारणीस १,००० फरास, शिवाय सुतार, भिस्ती, मशालजी, झाडूवाले. दहा हजार माणसे मावतील अशी 'बारगाह' उभारावयास हजार फरासांना यंत्रांच्या साहाय्यानेही आठवडा लागे.

एवढे ओझे वाहणारे राज्य त्या ओझ्याखाली सापडतेही. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ साली, संताजी घोरपडे थोड्या स्वारांनिशी औरंगजेबाच्या छावणीत शिरले आणि बादशाही डेऱ्याचे तणावे कापून सोन्याचे कळस घेऊन आले, असे बखरकार सांगतात. कथेतील वीररस आपण सारेच जाणतो. आम्हांस त्यातली कारागिरी दिसते. डेरा भिंतीवर नव्हे, ताणावर उभा असतो, हे संताजींस ठाऊक होते. (तेथे पेचांनी जोडलेली चोबीन रावटी असती, तर कापावयास तणावेच मिळाले नसते!)

मराठ्यांनी मंडपाचा उपयोग जाणला नव्हता असे नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट ज्या शामियान्यात झाली, तो शिवाजी महाराजांनीच उभारविला होता, आणि त्याचा थाट हा डावाचाच भाग होता. परंतु महाराजांची फौज स्वतः सडी चाले. पुढे ही शिस्त सैल झाली. उत्तरेत निघालेल्या भाऊसाहेबांच्या छावणीतील रेशमी अस्तरांचे डेरे व सोनेरी कळस यांचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. पानिपतचा पराभव तंबूंमुळे झाला असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल; तरीही १७६१ च्या त्या तळातील बाजारबुणगे व सामान यांचा भार विसरता येत नाही.

व्यवस्था मात्र पक्की होती. फौजेपुढे जाऊन तळाची जागा धरणारा तो बिनीवाला. विसाजी कृष्ण बिनीवाले हे नाव आपण आडनाव म्हणून वाचतो. मुळात तो हुद्दा आहे. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडलेल्या ब्राउटनने लिहिले आहे की, बिनीवाला पुढे जाऊन लहानसे पांढरे निशाण रोवी, तेथे महाराजांची देवडी उभी राही, आणि बाजारांची निशाणे आपापल्या ठरल्या क्रमाने लागत. गाव रोज बदले, शेजार बदलत नसे. आमच्यासारख्या दर तीन-चार वर्षांनी शेजार बदलणाऱ्यांस त्या छावणीचा किंचित हेवा वाटतो.

छत्तीसगडात मराठी माणूस प्रथम आला तो अशाच तळांतून. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांची नागपूरकर फौज रतनपुरास आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहिले. त्यानंतर सुभेदार, कमाविसदार, फडणवीस अशी नेमणुकीची माणसे येत राहिली. १८१८ नंतर ॲग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. इथल्या लग्नघरी बांबू व पानांचा 'मडवा' घालतात. आपला 'मांडव' त्याचा सख्खा भाऊ. पुरे झाला की तोही उतरवतात.

पुण्याचा फरासखाना पुढे पोलीस ठाण्याचे नाव होऊन बसला. 'फरास' हा शब्द मात्र केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पुष्कळ काळ टिकला. तो चतुर्थ श्रेणीतील एक हुद्दा होता; टेबले पुसणे, सामान झटकणे एवढेच त्याचे काम उरले होते. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, शिपाई, दफ्तरी, चौकीदार यांच्याबरोबर फरासही 'मल्टी टास्किंग स्टाफ' या एका नावात विलीन झाला. जुन्या सेवापुस्तिकांच्या पहिल्या पानावर तो हुद्दा अजून आढळतो.