जमीन ज्याची त्याची, पाणी सर्वांचे
सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील जलसंवर्धन : जमीनमालक, संस्था आणि उद्योग यांच्या भागीदारीचा आढावा

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात, तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. साताऱ्यातील माण, खटाव आणि सांगलीतील खानापूर, आटपाडी, जत हे तालुके या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथे पडणारे थोडके पाणी बहुतांशी खासगी शेतजमिनीवर पडते, खासगी बांधांवरून वाहते आणि खासगी विहिरींतून उपसले जाते. त्यामुळे शासनाने कितीही योजना आखल्या, तरी जमीनमालकाच्या संमतीवाचून पाण्याचे संवर्धन होऊ शकत नाही. गेल्या चार दशकांत या दोन जिल्ह्यांत या संदर्भात जे प्रयोग झाले, त्यांतून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे येते. बांध घालण्यासाठी पैसा आणि श्रम उभे करता येतात. अडवलेले पाणी टिकवायचे असेल, तर ते वापरणाऱ्यांमध्ये करार असावा लागतो.

एक खडक, अनेक मालक

दख्खनच्या पठाराचा हा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. हा थर एका शेताच्या बांधापाशी संपत नाही. एकाच थरावर दहा-वीस खातेदारांच्या विहिरी असतात. त्यांपैकी एकाने खोल कूपनलिका घेतली, की शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी ओसरते. विहिरीची नोंद सातबारा उताऱ्यावर होते. तिच्यात झिरपून येणाऱ्या पाण्याची नोंद कोठेच होत नाही.

कायद्याची जुनी भूमिकाही मालकाच्या बाजूची होती. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला. महाराष्ट्राने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. पुढे 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवरील निर्बंध, अधिसूचित क्षेत्रांतील भूजल वापराचे नियोजन आणि पाणलोट क्षेत्र पातळीवरील समित्या यांची तरतूद आहे. मात्र प्रत्येक शिवारातील प्रत्येक पंपावर देखरेख ठेवणे कोणत्याही शासकीय यंत्रणेला शक्य नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांशी केलेला करार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

येरळेचा धडा

खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा नदी सांगली जिल्ह्यात उतरून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिच्या पात्रातील वाळू ही एके काळी या खोऱ्याची नैसर्गिक टाकी होती. पावसाळ्यात वाळूत मुरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत काठच्या विहिरींना पुरे. बांधकामासाठी वाळूचा उपसा वाढला, तसे पात्र खरवडले गेले आणि विहिरी आटू लागल्या.

1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी यांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर हे या चळवळीचे एक नेते. बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी येरळेवर स्वतःचे धरण बांधण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी निधी उभारण्याचा मार्ग वाळूतच शोधला. ठेकेदारांकडून होणाऱ्या बेसुमार उपशाला विरोध करतानाच मर्यादित वाळू गावानेच विकावी आणि त्या पैशातून धरण बांधावे, अशी मागणी करण्यात आली. शासनाशी दीर्घ संघर्ष केल्यानंतर ती मान्य झाली. अभियंते, विद्यार्थी आणि ग्रामस्थ यांच्या श्रमातून 1980 च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण आकाराला आले.

या धरणाची उंची वा साठवण क्षमता फार मोठी नाही. त्याचे महत्त्व पाणीवाटपाच्या तत्त्वात आहे. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबावर ठरवावा आणि भूमिहीनांनाही वाटा मिळावा, हे तत्त्व येथे स्वीकारण्यात आले. त्यापूर्वी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने असाच विचार मांडला होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल इतके पाणी, उसाला बंदी आणि भूमिहीनाला हक्क, ही पाणी पंचायतीची सूत्रे होती. दोन्ही प्रयोगांत जमिनीची मालकी कोणी हिरावून घेतली नाही. त्या मालकीपासून पाणी तेवढे वेगळे केले.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

खासगी शिवारातील जलसंधारणाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे लागते. डोंगर-उतारावर सलग समतल चर, त्याखाली शेतांत कंपार्टमेंट बंडिंग वा ढाळीचे बांध, ओघळीत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर माती नालाबांध वा सिमेंट बंधारा, असा हा क्रम असतो. वरचे काम वगळून थेट बंधारा बांधला, तर तो दोन-चार पावसाळ्यांतच गाळाने भरतो.

या क्रमातच भागीदारीची खरी अडचण दडलेली आहे. वरच्या उताराचा मालक चरासाठी जागा देतो, काही वर्षे चराई थांबवतो; विहीर मात्र भरते ती खालच्या मालकाची. नाला रुंद करताना एकाची जमीन जाते आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात मुरते. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या (नाबार्ड) सहभागाने 1990 च्या दशकात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने यासाठी प्रत्येक गटाचे नियोजन त्या शेतकरी कुटुंबासोबत प्रत्यक्ष शेतावर जाऊन करण्याची पद्धत रूढ केली. राज्याच्या आदर्श गाव योजनेने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या जोडीला बोअरवेलबंदीचीही अट घातली. पाणी अडवण्याइतकाच ते जपून वापरण्याचा नियम महत्त्वाचा आहे, याची ती कबुली होती.

स्पर्धेने दिलेली गती

2016 मध्ये पाणी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत साताऱ्यातील कोरेगावचा समावेश होता. त्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक पटकावून 50 लाख रुपयांचे पारितोषिक मिळवले. 2018 मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी राज्यात पहिली आली आणि 75 लाख रुपयांची मानकरी ठरली. त्याच तालुक्यातील भांडवली गावाला बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडसह संयुक्त दुसरा क्रमांक मिळाला. पंचेचाळीस दिवसांच्या या स्पर्धेत गावाने श्रमदान करावयाचे आणि यंत्रकामासाठी संस्था, उद्योग व देणगीदारांचे साहाय्य घ्यावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. भारतीय जैन संघटनेने अनेक गावांना यंत्रे उपलब्ध करून दिली.

पाणी आले, की पीकपद्धती बदलण्याचा मोह होतो. विहिरी भरल्यावर ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस वा फळबागा आल्या, तर वाढलेला साठा दोन हंगामांत संपू शकतो. म्हणूनच गावाने पाऊस, साठा आणि पिकांची गरज यांचा दरवर्षी ताळेबंद मांडावा, यावर पुढे भर देण्यात आला. 2019 नंतर फाउंडेशननेही केवळ पाणी अडवण्यापुरते न थांबता समृद्ध गाव स्पर्धा आणि 2022 पासून शेतकरी गटांसाठीचा फार्मर कप असे उपक्रम हाती घेतले.

उद्योगांचा वाटा

कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार विशिष्ट मर्यादेवरील नक्तमूल्य, उलाढाल किंवा नफा असणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. नैसर्गिक साधनसंपत्तीचे संवर्धन आणि माती, हवा व पाण्याची गुणवत्ता राखणे ही कामे तिच्या अनुसूचीत येतात. कंपन्यांच्या निधीतून खोदाई यंत्रांचे भाडे, इंधन, तलावातील गाळ काढणे असे खर्च सहज भागतात. तथापि अशा प्रकल्पांची मुदत मोजक्या वर्षांची असते. मुदत संपल्यावर बांधाची डागडुजी कोणी करावयाची आणि पाणीवापराचा नियम कोणी पाळून घ्यावयाचा, हे आधीच ठरलेले नसेल, तर उद्घाटनाचा फलक तेवढा शिल्लक राहतो.

या भागात उद्योगाचा अधिक जवळचा नमुना म्हणजे सहकारी साखर कारखाना. कृष्णाकाठी अतिसिंचनामुळे वाळवा, पलूस, मिरज या भागांत मोठे क्षेत्र क्षारपड झाले आहे. जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी मीटर-दीड मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप अंथरून खारे पाणी ओढ्यात सोडावे लागते. हे पाणी एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे जात असल्याने एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांचे गट करून, कर्जाची व्यवस्था लावून ही कामे मोठ्या प्रमाणावर केली. कारखान्याला ऊस हवा आणि शेतकऱ्याला जमीन परत हवी, असा दोघांचाही स्वार्थ येथे जुळला. देणगीपेक्षा असा परस्परांचा स्वार्थ अधिक टिकाऊ ठरतो.

कायद्यातील नवे पर्याय

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2002 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ आणि ‘समुदाय राखीव’ असे दोन प्रकार आणले. पहिला शासकीय जमिनीसाठी असून त्यापूर्वी स्थानिकांशी विचारविनिमय आवश्यक असतो. दुसरा प्रकार एखाद्या समुदायाने वा व्यक्तीने स्वेच्छेने पुढे केलेल्या खासगी किंवा सामूहिक जमिनीसाठी आहे; मालकी कायम राहते, परंतु जमिनीचा वापर परस्पर बदलता येत नाही. खटाव तालुक्यातील मायणी परिसराला 2021 मध्ये, तर आटपाडीतील सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला 2023 मध्ये संवर्धन राखीव दर्जा मिळाला. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी येथील पाणवठ्यांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. हे पाणवठे जिवंत राहणे मात्र भोवतालच्या खासगी शिवारांतून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. येथील पाणथळींच्या रक्षणातही शेतकरी हा अपरिहार्य भागीदार आहे.

पाणी आल्यानंतरचा प्रश्न

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी सांगलीच्या पूर्व भागात पोहोचवले. जिहे-कठापूर योजनेमुळे ते खटाव-माणच्या दिशेनेही चढले. ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजल्या, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. परंतु नळ आणि कालवे आल्यावर चर बुजतात, बांध फुटतात आणि ताळेबंदाची वही मागे पडते, ही भीती अनाठायी नाही. पूर्वेकडे कोरड्या विहिरी आणि कृष्णाकाठी क्षारपड जमिनी, ही एकाच खोऱ्यातील दोन टोके आहेत. पहिल्या टोकावरून दुसऱ्यावर जाण्यास एक पिढीही पुरते. जमीन सातबाऱ्यावर ज्याच्या नावावर आहे, त्याचीच राहणार. तिच्याखालचे पाणी किती उपसावयाचे, हे शेजाऱ्याला विचारून ठरवण्याची सवय जेथे रुजली, तेथेच बंधाऱ्यावर खर्च झालेला पैसा आणि घाम कारणी लागेल.