बेटावर कोण नेतं?

१९६२च्या ऑक्टोबरात 'डॉक्टर नो' लंडनमध्ये झळकला. पडद्यावरच्या जेम्स बाँडचा हा पहिला सिनेमा. साठ वर्षं उलटली तरी लोक तो आवडीने बघतात. त्याची कारणं जाणकार सांगतात: शॉन कॉनरीची ऐट, केन अ‍ॅडमने उभे केलेले सेट, समुद्रातून वर येणारी उर्सुला अँड्रेस आणि ती धून. सगळं खरं आहे. कोकण किनाऱ्यावरच्या आम्हा थळकरांचं कारण मात्र वेगळं. हा सिनेमा मुळात रात्रीच्या अंधारात एका बेटावर जाण्याचा आहे, आणि त्यातल्या चार गोष्टी आम्हांला जास्त कळतात.

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. उंदेरी अगदी जवळ, सपाट. खांदेरी तिच्यापलीकडे, दोन उंचवट्यांची. खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे आणि वेताळाचं ठाणं आहे. धंद्याला निघणारा कोळी त्या वेताळाला नारळ दिल्याशिवाय राहत नाही. 'डॉक्टर नो'मधल्या क्रॅब की या बेटालाही कोळी वचकून असतात. तिथे आग ओकणारा राक्षस फिरतो म्हणतात. तो निघतो इंजिनावर चालणारा रणगाडा, माणसांना लांब ठेवण्यासाठी सोडलेला. आमच्या वेताळाने कुणाला लांब ठेवलेलं नाही, पण बेटाचा मान ठेवून उतरावं ही सवय आम्हांला लहानपणापासून लावली जाते.

सिनेमात बाँडला त्या बेटावर नेतो क्वारल नावाचा केमन बेटांवरचा होडीवाला. ही भूमिका जॉन किट्झमिलरने केली आहे. १९५७ साली कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवलेला हा माणूस. तो मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट. त्याच्या वाट्याला इथे काय आलं? होडी हाकायची, राक्षसाला घाबरायचं, बाँडने सांगितल्यावर त्याचे बूट आणून द्यायचे आणि सिनेमा निम्म्याच्या पुढे सरकला की त्या रणगाड्याच्या ज्वाळांत जळून मरायचं. बाँड पुढे जेवणाच्या टेबलावर डॉक्टर नोशी शाब्दिक चकमक करतो. क्वारलबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

माझे काका तांडेल होते. मासळी घेऊन भाऊच्या धक्क्याला जायचे, आणि हिशेब लवकर मिटला तर फोर्टाकडे एखादा मॅटिनी गाठायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. 'डॉक्टर नो' मी त्यांच्याच शेजारी बसून पाहिला. क्वारल मेला तेव्हा अख्खं थेटर गप्प होतं, आणि काका मोठ्याने म्हणाले, "होरीवाला मेला. आता याला परत कोन आननार?" पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. शेवटी बाँड आणि ती बाई होडीतून निसटतात खरी, पण इंधन संपतं आणि दोघं समुद्रात नुसती तरंगत राहतात. मित्र नौदलाची बोट घेऊन आला म्हणून निभावतं. काका खुशीत माझ्याकडे बघत होते.

या सिनेमाच्या टिकण्याचं कारण मला तिथे सापडतं. हेर कितीही हुशार असला तरी पाणी त्याला ओलांडता येत नाही. कुणीतरी ओलांडून न्यावं लागतं. ज्या गोष्टीत हे खरेपणाने आलेलं असतं, ती पुन्हा बघावीशी वाटते. आणि ज्यांनी खांदेरीचा इतिहास वाचलाय त्यांना तर हे सिनेमातून शिकायची गरजच नाही.

शिवाजी महाराजांना खांदेरी हवी होती ती पहाऱ्यासाठी. तिथून मुंबई बंदरात शिरणारं आणि बाहेर पडणारं प्रत्येक जहाज दिसतं. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला राहायचं आणि पाऊस सरला की आमच्या किनाऱ्यावरची गावं जाळायला निघायचं. मुंबईवर कायमचा डोळा ठेवायचा तर तो इथेच. १६७९च्या ऑगस्टच्या अखेरीस, समुद्र अजून खवळलेला असताना, महाराजांचे मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं.

इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. आधी त्यांनी होड्या पाठवून वाट अडवायचा प्रयत्न केला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग मोठी तयारी झाली: 'रिव्हेंज' हे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं, दोन मचवे आणि दोनेकशे गोरे. १८ ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाचं आरमार पहाटे त्यांच्यावर चालून गेलं. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब पकडली गेली, बाकीची बहुतेक पळाली. मिंचिन आणि केग्विन या दोघांनी 'रिव्हेंज' नेटाने लढवली म्हणून इंग्रजांची लाज राहिली. तोफांच्या जोरावर त्या दिवशी मराठी आरमार मागे हटलं आणि इंग्रजांनी हा आपला विजय मानला.

पण खरा निकाल लागत होता तो रात्री. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागायचा. वारा पडला की ती जागच्या जागी. मराठ्यांच्या अरुंद, हलक्या होड्यांना वल्ही पुरत. थळ आणि नागावच्या बाजूने अंधारात त्या सुटायच्या, पहाऱ्यावरच्या जहाजांना चुकवून बेटाला लागायच्या, दाणागोटा आणि दारूगोळा उतरवून उजाडायच्या आत परत. इंग्रजांना हे कळत होतं, कधी दिसतही होतं, आणि अडवता येत नव्हतं. थळचा समुद्र ज्याने पाहिलाय त्याला यातलं कसब कळेल. दोन्ही बेटांभोवती पाण्याखाली खडक आहेत, ओहोटीला ते वर डोकावतात. दिवा न लावता त्यांच्यामधून होडी काढायची तर भरती, ओढ आणि खडक पाठ असावे लागतात. नकाशे इंग्रजांकडे होते. ही ओळख किनाऱ्यावरच्या माणसांकडे होती.

नोव्हेंबरात सिद्दी कासम इंग्रजांच्या जोडीला आला. खांदेरी मिळेना तेव्हा १६८०च्या जानेवारीत त्याने उंदेरी बळकावली आणि तिलाच तट घालायला घेतला. इंग्रजांनी खर्च मोजला, माघार घेतली आणि त्याच वर्षी तह केला. खांदेरी महाराजांकडे राहिली.

असं वाटेल की अंधार नेहमी धाडसी माणसाच्या बाजूचा असतो. तसं नाही. १६८०च्या ऑगस्टात संभाजी महाराजांची दोनशे माणसं रात्री उंदेरीवर उतरली. या वेळी सिद्दी सावध होता. ऐंशी मुंडकी टोपल्यांत भरून त्याने माझगावला नेली. ती खांबांवर लावायचा त्याचा बेत इंग्रजांनी थांबवला. सिनेमावाले असा शेवट करत नाहीत. उंदेरी मराठ्यांकडे यायला पुढे १७६० साल उजाडलं.

मायनाक भंडारी, दौलतखान, थॉर्प, केग्विन ही नावं कागदावर आहेत. रात्री वल्ही मारणाऱ्यांची नाहीत. सभासदाच्या बखरीत बहिर्जी नाईकांचं नाव येतं म्हणून महाराजांच्या हेरखात्याचं कौतुक आपल्याला करता येतं, भालजी पेंढारकरांना १९४३ साली त्यांच्यावर सिनेमा काढता आला. होडीवाल्यांना बखर नाही.

आपल्याकडे बाँडची हवा आली ती चीनशी आणि पाकिस्तानशी झालेल्या लढायांच्या काळात. १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण आलं आणि दुबईचं सोनं कोकणच्या किनाऱ्याला लागायला लागलं, तेव्हा रात्री समुद्रात लुकलुकणारा दिवा आणि त्यामागे धावणारे कस्टमवाले गावोगाव ऐकू यायला लागले. १९६७चा 'फर्ज' त्या हवेत चालला. रविकांत नगाइचचा हा सिनेमा, 'गूढचारी ११६' या तेलुगू सिनेमावरून केलेला. एजंट ११६ झाला गिरगावच्या चाळीत वाढलेला जितेंद्र, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यातलं वाढदिवसाचं गाणं आजही थळच्या घरांत केक कापताना लागतं, आणि ते हेरपटातलं आहे हे लावणाऱ्याला ठाऊकही नसतं. 'फर्ज'मधला टी-शर्ट आणि पांढरे बूट जितेंद्रने साध्या दुकानातून आणले होते. मला हा हेर त्यासाठीही आवडतो: याचे बूट आणून द्यायला दुसरा कुणी लागला नाही.

पुढच्याच वर्षी, १९६८च्या डिसेंबरात, आपल्या नौदलात 'खांदेरी' नावाची पाणबुडी दाखल झाली. ती १९८९मध्ये निवृत्त झाली. २०१९पासून त्याच नावाची नवी पाणबुडी आहे. लपून पहारा करणाऱ्या बोटीला याहून योग्य नाव शोधून सापडलं नसतं. २०२५च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. आता थळच्या धक्क्यावर पर्यटक वाढतील, फलक लागतील. त्यांवर लढाईची तारीख येईल, सेनानींची नावं येतील आणि ती यायलाच हवीत. एक ओळ थळ-नागावच्या होड्यांसाठी ठेवावी एवढंच माझं म्हणणं आहे, कारण त्या नसत्या तर तट पुरा व्हायच्या आतच बेट उपाशी पडलं असतं.

बाँडवाल्यांना क्वारलला मारल्याची चूक दुरुस्त करायला अकरा वर्षं लागली. १९७३च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये बाँड पुन्हा कॅरिबियनला जातो, आणि होडी हाकायला येतो क्वारलचा मुलगा. तो मात्र शेवटपर्यंत जिवंत राहतो. बाँडचे नट बदलले, गाड्या बदलल्या. समुद्र ओलांडायचा तर होडीवाल्याच्याच घरी यावं लागलं.