आसन काढावे, दार मिटू नये

दरवर्षी २ जानेवारीला कर्जत आणि मुरबाड भागांतील माणसे सिद्धगडाची वाट धरतात. १९४३ साली याच दिवशी पहाटे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भाई व्यवसायाने वकील होते, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. शेतकरी सावकारी पाशातून सुटावा म्हणून त्यांनी धान्याची कोठारे उभी केली. 'चले जाव'ची हाक आली तेव्हा ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. खालापुरातील खोपोली आणि कर्जतमधील भिवपुरी येथील वीजगृहांवर तेव्हा मुंबईच्या गिरण्या चालत. जगात महायुद्ध पेटले होते आणि त्याची धग आमच्या डोंगरांपर्यंत अशी पोहोचली होती.

या तारखेशी जुळणारी दुसरी एक तारीख आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. सिद्धगडाच्या त्या पहाटेपूर्वी बरोबर एक वर्ष, २ जानेवारी १९४२ रोजी, वॉशिंग्टन येथे भारताच्या नावाने एका जाहीरनाम्यावर सही झाली. आदल्या दिवशी अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ आणि चीन यांनी त्यावर सह्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी २२ देशांनी केल्या, त्यांत भारत होता. आपल्या आणि इतरांच्याही भूमीत मानवी हक्क व न्याय राखण्यासाठी हे युद्ध जिंकणे आवश्यक आहे, असे त्यात म्हटले होते. ज्या सरकारने आमच्या नावाने हे वचन दिले, तेच सरकार त्याच वर्षी आमच्या हजारो माणसांना खटल्यावाचून तुरुंगात डांबत होते. त्याविरुद्ध दाद मागावी असे दार जगात कोठेही नव्हते. वचन मोडणाऱ्याला हक्कांच्या रखवालदारांच्या पंक्तीतून कोणी उठविलेही नाही.

यातूनच आजचा प्रश्न उभा राहतो. युद्ध चालू असताना जे राष्ट्र माणसांचे हक्क तुडविते, त्याचे हक्क राखणाऱ्या संस्थेतील स्थान काढून घ्यावे काय?

हा प्रश्न भारताला परका नाही. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, १९४६ साली, भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायाची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेचे उत्तर एकच होते: ही आमची घरगुती बाब आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूने कौल दिला. माणसाचा छळ ही कोणाची खाजगी बाब नव्हे, हे जगाकडून वदवून घेण्यात आमच्या देशाचा वाटा असा मोठा आहे.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या मानवी हक्क आयोगाने पुढे सहा दशके काम केले. परंतु ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होत्या, ती राष्ट्रेच आयोगावर निवडून येऊ लागली आणि एकमेकांची पाठराखण करू लागली. म्हणून १५ मार्च २००६ रोजी आमसभेने आयोगाऐवजी ४७ सदस्यांची मानवी हक्क परिषद निर्माण केली आणि तिच्या नियमांत एक नवे कलम घातले. एखादा सदस्य हक्कांची गंभीर व पद्धतशीर पायमल्ली करीत असेल, तर मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने आमसभा त्याचे सदस्यत्व स्थगित करू शकते.

हे कलम प्रथम लिबियाला लागू झाले. गद्दाफींच्या सैन्याने आपल्याच नागरिकांवर शस्त्र धरले, तेव्हा १ मार्च २०११ रोजी मतदानावाचून, सर्वसंमतीने, लिबियाचे सदस्यत्व स्थगित झाले. राजवट बदलल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परतही मिळाले.

दुसरा प्रसंग रशियाचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. एप्रिलच्या आरंभी बुचा शहराच्या रस्त्यांवर पडलेल्या नागरिकांच्या प्रेतांची छायाचित्रे जगाने पाहिली. ७ एप्रिलला आमसभेत मतदान झाले. स्थगितीच्या बाजूने ९३, विरुद्ध २४ आणि तटस्थ ५८. तटस्थ मते हिशेबात धरली जात नसल्याने ठराव सहज संमत झाला. मात्र १९३ सदस्यांपैकी निम्मेही त्याच्या बाजूने नव्हते, हेही खरे. रशियाने त्याच दिवशी परिषद सोडल्याचे जाहीर केले. १९४२च्या जाहीरनाम्यावर पहिल्या दिवशी सह्या करणाऱ्या चौघांपैकी एकाचा वारस अशा रीतीने बाहेर पडला.

भारत तटस्थ राहिला. बुचातील हत्यांचा निःसंदिग्ध निषेध करून भारताने स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला होता. पण स्थगितीचा निर्णय रीतसर प्रक्रिया पाळून व्हावा, असे त्याचे म्हणणे पडले. हा आग्रह हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तरीही आमचे मन त्याने पुरते भरत नाही. चौकशीला वर्षे लागतात. तोफा तोवर थांबत नाहीत. शिवाय स्थगिती ही शिक्षा नव्हे. ज्याच्यावर आळ आहे, त्याने निवाडा होईपर्यंत पंचांच्या ओळीत बसू नये, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

परंतु काढून टाकण्याचे प्रकार दोन आहेत, आणि त्यांतील भेद आमच्या रायगड जिल्ह्याइतका कोणाला कळावा? येथील गावकीने कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली. त्यांच्याशी बोलणे बंद, दुकानातील माल बंद, मयतीला खांदा देणे बंद. भांडण एकाचे आणि भोग लेकराबाळांना. अखेर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला.

मानवी हक्क परिषदेने रशियाला असे वाळीत टाकले नाही. त्याचे आसन काढले, पण त्याच्यावरील दृष्टी काढली नाही. युक्रेनमधील अत्याचारांसाठी चौकशी आयोग मार्च २०२२ मध्येच नेमला होता. ऑक्टोबरमध्ये खुद्द रशियातील हक्कांच्या स्थितीवर लक्ष ठेवणारा विशेष प्रतिनिधी नेमण्याचे ठरले. युरोपात मात्र वेगळे घडले. युरोप परिषदेने १६ मार्च २०२२ रोजी रशियाला बाहेर काढले आणि १६ सप्टेंबरपासून मानवी हक्कांचा युरोपीय करार त्याला लागू राहिला नाही. त्या दिवसानंतरच्या अन्यायाबद्दल रशियाविरुद्ध स्ट्रासबर्गच्या न्यायालयात दाद मागता येत नाही. युद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात पडलेल्या रशियन माणसाचे शेवटचे दार त्यामुळे मिटले. शासन करावयाचे होते सरकारला, पण हात तुटला तक्रारदाराचा.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. हक्क तुडविणाऱ्याला न्यायासनावर बसू देऊ नये, मग तो कितीही बलाढ्य असो. मात्र त्याच्या हाताखाली भरडल्या जाणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवावे. १९४३च्या त्या पहाटे सिद्धगडावर पडलेल्यांना असे दार नव्हते. ज्यांच्या गावची माणसे दाराबाहेर राहिली, त्यांनी तरी इतरांसाठी ते मिटताना पाहून गप्प बसू नये.